वडशाहून दोन राण्यांकडे



वडशाच्या स्टेशनावर उभं राहिलं की रूळ दोनच दिशांना जाताना दिसतात. एक वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरी, नागभीड, मूल करत चांदाफोर्टला. दुसरा गोंदियाला, आणि तिथून बालाघाट, नैनपूर मागे टाकत थेट जबलपूरला. या रुळांच्या एका टोकाला राणी हिराईचं चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर, आहे, दुसऱ्या टोकाला राणी दुर्गावतीचं गढा. दोघी गोंड राजांच्या राण्या, दोघींचे नवरे त्यांच्याआधी गेले, आणि दोघींनी लहान मुलाच्या नावानं राज्य सांभाळलं. आज मला या दोघींविषयी बोलायचं आहे.

माझ्या लहानपणी ‘राणी’ म्हटलं की आजीच्या गळ्यातला राणीछाप रुपया डोळ्यांसमोर यायचा. त्यावर व्हिक्टोरियाचं तोंड. शाळेत गेल्यावर पहिली एलिझाबेथ भेटली. आमच्या रेल्वेच्या दोन टोकांना दोन राण्या होऊन गेल्या, हे मला फार उशिरा कळलं. मग सनावळ्या शेजारी मांडून पाहिल्या. 1558 साली एलिझाबेथ इंग्लंडच्या गादीवर आली, तेव्हा दुर्गावती गढ्याचा कारभार पाहत होती. ॲन राणीनं 1702 ते 1714 राज्य केलं. हिराईचा कारभार बहुतेक अभ्यासक 1704 ते 1719 असा धरतात, म्हणजे या दोघी तर एकाच काळातल्या. ॲनची इतकी बाळंतपणं झाली, पण एकही मूल हाती लागलं नाही आणि तिच्याबरोबर स्टुअर्ट घराण्याची गादी संपली. हिराईलाही मुलगा नव्हता. तिनं चंदनखेड्याच्या भाऊबंदांकडून रामशहाला दत्तक घेतलं, त्याला वाढवलं आणि तो कर्ता झाल्यावर राज्य त्याच्या हाती दिलं.

दुर्गावतीची कथा तुम्हाला ठाऊक असेल. आपल्या गोंड गावांत तिची तसबीर असते आणि 24 जूनला बलिदान दिन पाळला जातो. ती कालिंजरची, चंदेल राजाची लेक. दलपतशहाशी लग्न होऊन गढ्याला आली, काही वर्षांतच तो वारला, आणि मुलगा वीरनारायण अजून लहान होता. पुढची चौदा-पंधरा वर्षं तिनं राज्य चालवलं. माळव्याच्या बाजबहादूरला मागे रेटलं. 1564 साली अकबराचा सरदार आसफखान चालून आला, तेव्हा नर्रईच्या घाटाजवळ ती हत्तीवर बसून लढली. पहिल्या दिवशी तिचं पारडं जड होतं. रात्रीच छापा घालू, असं ती म्हणत होती, पण तिच्या सरदारांनी ते मानलं नाही. दुसऱ्या दिवशी शत्रूच्या तोफा आल्या. एक बाण तिच्या कानशिलात लागला, दुसरा मानेत. जिवंत हाती लागायचं नाही म्हणून तिनं स्वतःच्याच हातानं प्राण दिला. हे सगळं इतक्या बारकाव्यानं आपल्याला कळतं, कारण अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलनं ते लिहून ठेवलं. शत्रूच्या लेखणीनं तिची शिकार, तिची नेमबाजी, तिचा कारभार वाखाणला आहे.

हिराईला असा अबुल फजल मिळाला नाही. ती दिल्लीशी अशी लढली नाही की दिल्लीला तिची नोंद करावी लागेल. चांद्याच्या गोंड राजांची हकीकत पुढे इंग्रजी अमलात, 1869 च्या सुमारास, जमाबंदीचा अधिकारी मेजर ल्युसी स्मिथ यानं लोकांच्या तोंडून गोळा केली. म्हणजे आमच्या राणीची गोष्ट कागदावर उतरली ती व्हिक्टोरिया राणीच्या नोकराच्या हातून, आणि तीही जमीनमहसुलाच्या अहवालात. मला ही गोष्ट फार लागते.

तोंडातोंडी आलेली ती हकीकत अशी. हिराईचा नवरा बीरशहा. मुलगी मानकुंवर देवगडच्या गोंड घराण्यात दिलेली. जावयानं तिचा अपमान केला, म्हणून बीरशहानं लढाई करून त्याचं मस्तक महाकालीला वाहिलं म्हणतात. पुढे बीरशहा दुसरं लग्न करायला निघाला आणि त्या लग्नाच्याच प्रसंगी हिरामण नावाच्या त्याच्या राजपूत रक्षकानं त्याचा खून केला. आता त्या घरातली हिराई डोळ्यांपुढे आणा. नवरा सवत आणायला निघालेला, आणि घरी आलं ते त्याचं प्रेत. पोटी मुलगा नाही. देवगडशी वैर धगधगतंय. तिकडे औरंगजेब दख्खनेत शेवटच्या घटका मोजतोय, मराठ्यांच्या स्वाऱ्या वऱ्हाडात शिरताहेत. अशा वेळी गादीवर हक्क सांगायला कोण कोण उठलं असेल!

तिनं काय केलं? तिनं बांधलं. चांद्याच्या अचलेश्वर दरवाज्याबाहेर, झरपट नदीच्या काठी, त्याच नवऱ्याची समाधी बांधली. गोंड राजांच्या तिथल्या सगळ्या समाध्यांत ती सर्वांत मोठी आणि सर्वांत देखणी आहे. भक्कम चौथरा, वर घुमट, आणि आत शिरलं की चैत्रातल्या उन्हातही गारवा. लोक तिला कौतुकानं विदर्भाचा ताजमहाल म्हणतात. मला ते नाव आवडत नाही. ताजमहालामागे एका बादशहाचं दुःख आहे, आणि त्याच्या खजिन्याला मोजदाद नव्हती. इथे एका बाईनं गादी डळमळत असताना, दुसऱ्या लग्नाला निघालेल्या नवऱ्यासाठी दगडावर दगड रचला. त्यात प्रेम किती होतं आणि ‘हे घराणं अजून उभं आहे’ हे बाहेरच्यांना ठणकावून सांगणं किती होतं, याचा विचार मी तिथल्या पायरीवर बसून पुष्कळदा केला आहे. दोन्ही असेल असं मला वाटतं. बाईमाणसाच्या मनात या दोन गोष्टी वेगळ्या नांदत नाहीत.

महाकालीचं आजचं मोठं देऊळही हिराईच्या काळचं मानतात. चैत्रात तिथे यात्रा भरते. नांदेड, परभणी, हिंगोलीकडून, तेलंगणातून माणसं येतात, झरपटीत अंघोळ करतात, पोतराज नाचतात. त्या हजारो माणसांतल्या किती जणांना हिराई ठाऊक असेल? चंद्रपूर महानगरपालिकेच्या सभागृहाला तिचं नाव आहे, आणि ते दिलं हे चांगलंच झालं. पण वडशाच्या बाजारात दहा जणांना विचारा. दुर्गावतीचं नाव आठ जण सांगतील. हिराई म्हटलं की विचारतील, कोणाची कोण?

लढता लढता मेलेली राणी आपल्या ध्यानात राहते आणि राज्य टिकवून म्हातारी झालेली राणी राहत नाही, असं माझ्या लक्षात आलं आहे. दुर्गावतीच्या थोरवीला यातून काही उणं येत नाही. उलट तिच्यावरही आपण अन्याय केला, असं माझं म्हणणं आहे. जबलपूरला जाऊन बघा. तिथे तिच्या नावाचं विद्यापीठ आहे, पुतळे आहेत. पण तिनं आयुष्यभर केलेलं काम कोणतं, तर तळी. राणीताल तिचं, चेरीताल तिच्या दासीचं, आधारताल तिच्या दिवाणाचं, अशी तिथली जुनी सांगी आहे. त्यातल्या राणीतालाच्या जागी आज खेळाचं मैदान आणि संकुल उभं आहे. तिचं मरण आपण जपलं आणि तिचं पाणी बुजवलं.

आपण झाडीपट्टीतली माणसं, तळ्यांची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्या बोड्या आणि मामा तलाव नसते तर धानाची एक बांधीही रोवता आली नसती. रान मोडून, तळं बांधून जमीन ओलिताखाली आणणाऱ्याला ती जमीन तोडून द्यायची, ही चांद्याच्या गोंड राजांची रीत. त्यावरून ‘तुकूम’ नावाची गावं आजही आपल्याकडे आहेत. राज्य कशावर चालतं हे त्या घराण्याला कळत होतं, आणि हिराई त्याच घराण्याची कारभारीण.

तिच्या शहराची आज काय स्थिती आहे, तेही सांगतो. परकोटाच्या भिंतींवर झाडंझुडुपं माजली होती. 2017 पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी रोज पहाटे उठून ती साफ केली. कुदळी, पावडी घेऊन, शेकडो दिवस. त्यांना मी मनापासून हात जोडतो. झरपटीचं मात्र अजून भलं झालेलं नाही. इकॉर्निया या जलपर्णीच्या हिरव्या पानांखाली पाणी दिसत नाही, आणि त्याच नदीत यात्रेकरू अंघोळीला उतरतात.

वडसा हे नाटकांचं गाव. दिवाळी झाली की मंडई सुरू होते, शंकरपट भरतात, आणि इथल्या नाटक कंपन्यांच्या कचेऱ्यांत तारखा लागतात. रात्र रात्र जागून नाटक पाहणारी बायामाणसं अंगावर चादरी घेऊन समोर बसलेली असतात. त्यांच्यासमोर एखाद्या वर्षी हिराई उभी राहिलेली मला बघायची आहे. तलवार उपसलेली राणी आपण खूप पाहिली. ही पाथरवटांशी मजुरीचा हिशोब करणारी, दत्तक पोराला मांडीवर घेऊन दरबारात बसणारी राणी. पहिला प्रवेश लग्नमंडपाचा असावा. वाजंत्री वाजते आहे, ती दाराशी एकटी उभी आहे, आणि बाहेरून कोणीतरी धावत येतो.