काम गेले, पण शिकणे थांबू नये
(वर्षावास समारोपाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आम्ही बँकेत काउंटरवर बसतो. कामगार कपात झाली की आम्हाला ती पासबुकात दिसते. भरपाईची रक्कम एकदम जमा होते आणि लग्नकार्य, घरदुरुस्ती, उसनवारी यांत वर्षभरात संपते.

मुंबईच्या गिरण्यांत चांगल्या पगाराचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला. पुढे 1982 च्या संपानंतर अनेक गिरण्याच बंद पडल्या. आमच्या लहानपणी आम्ही वडीलधाऱ्यांना वॉचमनची, हमालीची कामे करताना पाहिले. नवे काम शिकण्याची वाट त्यांना कोणी दाखवली नाही.

आमच्या वस्तीतील एक भगिनी औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. तिशीच्या आत असताना काम गेले. शिक्षण बारावी. खाजगी रुग्णालयात आयाचे काम लगेच मिळत होते. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही जन्मभर लोकांची घाण काढली, आता तूही तेच करणार?" त्यांनी भरपाईची रक्कम मोडून दोन वर्षांच्या एएनएम अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. दुसऱ्या वर्षी मंगळसूत्र आमच्याच काउंटरवर तारण ठेवले. आज महाराष्ट्र परिचर्या परिषदेत त्यांची नोंदणी आहे आणि त्या उपकेंद्रात काम करतात. नोकरी कंत्राटी आहे, हे आम्ही लपवत नाही. मंगळसूत्र मात्र सुटले.

त्या आजही रुग्णाला स्वच्छ करतात. त्यात कमीपणा नाही. तथागतांनी आनंदासह आजारी भिक्खूला स्वतःच्या हातांनी धुतले होते. सेवा हलकी नसते. जन्माने खालच्या पायरीवर आणून तिथेच ठेवणे, हा अन्याय आहे. रुग्णालयातही खाती आहेतच. आज वरच्या खात्याचे दार कायद्याने बंद नाही, पण त्याची किल्ली म्हणजे मान्यताप्राप्त प्रमाणपत्र.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. फी भरण्याआधी संस्थेला भारतीय परिचर्या परिषद व राज्य परिषद यांची मान्यता आहे का, ते पाहा. भिंतीवरच्या जाहिरातीला भुलू नका. विमा कापला जात असेल, तर कर्मचारी राज्य विमा कार्यालयात बेरोजगार भत्त्याची चौकशी करा. आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत कपात झालेल्या कामगारासाठी पंधरा दिवसांच्या वेतनाइतक्या पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे, ती विसरू नका.

शेवटी संस्थेला एक विनंती. त्या भगिनींच्या दोन वर्षांत सर्वांत मोठी अडचण फीची नव्हती, संध्याकाळी मुलांना कोणाकडे ठेवायचे याची होती. आपल्या विहाराचा हॉल संध्याकाळी दोन तास रिकामा असतो. तो मुलांच्या अभ्यासासाठी उघडला, तर एखादी आई निर्धास्तपणे वर्गात बसेल. पहिला महिना आम्ही स्वतः येऊन बसू.

जय भीम!