मिठाची पुडी
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



कामाबद्दल पाच मिनिटं बोल, असं संयोजकांनी सांगितलं. माझं काम शाळकरी मुलांच्या लघवीतलं आयोडीन मोजण्याचं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

या पाहणीला 6 ते 12 वर्षांची मुलं घेतात. ती शाळेत एका जागी सापडतात आणि त्यांच्यावरून साऱ्या वस्तीच्या खाण्याचा अंदाज येतो. पूर्वी भर गळा चाचपून गलगंड शोधण्यावर होता. पण गळ्याची सूज ही मागच्या काही वर्षांची खूण असते. सध्याची स्थिती लघवी सांगते, कारण पोटात गेलेलं बहुतेक आयोडीन तिथूनच बाहेर पडतं. सगळ्या नमुन्यांचा मध्यक लिटरमागे 100 ते 199 मायक्रोग्रॅम आला, तर पुरेसं. 300 च्या वर गेला तर तेही वाईटच. एकट्या मुलाचा आकडा मात्र रोज बदलतो. तेव्हा ‘माझ्या नातवाचं बघून दे’ म्हणू नका, त्यातून काही कळणार नाही.

लघवीबरोबर घरचं चमचाभर मीठही पुडीत मागवतात. घरी पोचेपर्यंत त्यात आयोडीन निदान 15 पीपीएम हवं.

‘आपण खाडीकाठचे, आपल्याला कसली कमतरता?’ हे ठाण्यापासून कल्याणपर्यंत ऐकतो. भांडुप-मुलुंडची, भाईंदरची मिठागरं आपण पाहिली आहेत. पण समुद्राच्या साध्या मिठात आयोडीन नगण्य; ते वरून मिसळावं लागतं. आपल्याकडे त्यासाठी पोटॅशियम आयोडेट वापरतात, ते दमट हवेत टिकतं. तरी बरणीचं झाकण घट्ट लावा, पावसाळ्यात तर नक्कीच.

आपल्या ग्रुपवर सैंधवाची महती फार येते. उपासाला खा की! पण त्यात बहुधा आयोडीन मिसळलेलं नसतं. घरात लेक किंवा सून गरोदर असेल तर तिला रोज 250 मायक्रोग्रॅम लागतं, बाळाचा मेंदू त्यावर घडतो. तिच्या ताटात निव्वळ सैंधव नको. डॉक्टरांनी मीठ कमी करा म्हटलं असेल तर कमी करा, पण आयोडीनचंच घ्या.

बाई, तुम्ही बटाट्यावर थेंब टाकून निळा रंग दाखवला होता, तोच प्रयोग आज मिठावर आहे. पुड्या आणलेल्यांनी जेवणाआधी कोपऱ्यातल्या टेबलाशी या. थेंबाने मीठ निळं-जांभळं झालं तर आयोडीन आहे. किती, ते प्रयोगशाळेतच कळेल. पांढरंच राहिलं तर घरी गेल्यावर पाकिटावर काय छापलंय ते वाचा.