हिशेब तिचा, सहीही तिची



आपल्या पूर्वजांच्या आगमनाचे स्मरण करताना आपण पुरुषांच्या कष्टांविषयी पुष्कळ बोलतो. आज आम्ही शिक्षिका आपल्या आज्या-पणज्यांविषयी दोन शब्द बोलणार आहोत.

मुंबई बंदरातून निघून पोर्ट लुईला उतरलेल्या, आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढलेल्या लोकांत बायाही होत्या. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या काळच्या नोंदवह्या जपून ठेवल्या आहेत. त्यांत बाईचीही स्वतःच्या नावाने नोंद आहे, तिलाही स्वतःचा क्रमांक आहे. पण पुढे जमिनीच्या कागदावर, दुकानाच्या पाटीवर तिचे नाव क्वचितच दिसले.

म्हणून तिचे काम थांबले होते का? ती उसाच्या मळ्यात खुरपणी करी, घरी येऊन गाईला चारा घाली, दूध आणि भाजी विकी. कुणाकडे किती बाकी आहे हे तिच्या तोंडपाठ असे. हा व्यापारच होता. फक्त त्याला कुणी व्यापार म्हटले नाही.

१८४८ साली पुण्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली. बरोबर शंभर वर्षांनी, १९४८ साली, मॉरिशसच्या स्त्रीने प्रथम मत दिले. मुख्य अट अशी होती: या देशातल्या कोणत्याही एका भाषेत साधी वाक्ये लिहिता-वाचता आली पाहिजेत. दिवसभर मळ्यात राबलेली माणसे संध्याकाळी बैठकेत अक्षरे गिरवू लागली. अंगठ्याच्या जागी सही आली, आणि सहीबरोबर हक्क आला.

तरी पुढची वाट लांब होती. १९७७ पूर्वी माध्यमिक शाळेला फी होती. मुलाची भरायची की मुलीची, असा प्रश्न आला की मुलीचे पुस्तक मिटायचे. १९७७ साली शिक्षण मोफत झाले आणि आमच्या पिढीच्या मुलींना दार उघडले. जुन्या कायद्याने विवाहित स्त्रीला करार करायला नवऱ्याची संमती लागे. तो कायदा १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला बदलला.

त्याच काळात 'झोन'चे कारखाने वाढले. आपल्या कितीतरी आया-बहिणी पहाटे डबा घेऊन बसची वाट पाहत उभ्या राहिल्या. सुरुवातीच्या वर्षांत त्यांची किमान मजुरी पुरुषांपेक्षा कमी होती. तरी त्यांच्या पगारातून घरांवर स्लॅब पडले, मुले विद्यापीठापर्यंत गेली. २००५ च्या सुमारास जागतिक कापड-व्यापाराचे नियम बदलले, अनेक कारखाने बंद पडले, आणि या बाया घरी आल्या. त्यांना शिवण उत्तम येत होते. पण कपड्याची किंमत कशी ठरवावी, कर्जाचा अर्ज कसा भरावा, खातेवही कशी ठेवावी, हे त्यांना कुणी शिकवले नव्हते.

हीच उणीव आपल्याला भरून काढायची आहे. आमच्या वर्गात एक मुलगी आहे. तिची आई गातो पिमाँ आणि दालपुरी विकते. तेल, डाळ, गॅस वजा करून किती उरले, हे ती मुलगी तोंडी सांगते. तिला आम्ही विचारले, "हे दुकान कुणाचे?" ती म्हणाली, "पापांचे." पापा तर दिवसभर दुसरीकडे नोकरीला असतात! आम्ही हसलो, पण ते उत्तर मनात राहिले.

तेव्हा पालकांना आमची विनंती आहे: मुलीने हिशेब, वाणिज्य हे विषय घेतले तर तिला अडवू नका. आईच्या धंद्याचा परवाना आईच्या नावावर काढा.

आणि एक विनंती आपल्या संस्थेला. गणेशोत्सवाचा प्रसाद आम्ही करतो, दारोदार जाऊन वर्गणी आम्ही गोळा करतो. मग संस्थेच्या बँक खात्यावरच्या सह्यांमध्ये एक तरी सही स्त्रीची का नसावी? एवढा ठराव आपण केला, तर नोंदवहीतल्या त्या पणजीला खरा मान दिल्यासारखे होईल.