टवका छोटा आहे तोवर



नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूर गाठलं,
की बॉनेटवर एखादा टवका उडालेला असतोच.
पुढच्या ट्रकच्या चाकाखालची खडी, दुसरं काय!
हा टवका घरी भरता येतो.
पण गंज धरायच्या आधी.

पहिलं काम, रंगाचा कोड.
दुकानात नुसतं “पांढरा द्या” म्हणू नका.
पांढऱ्याच्याही कितीतरी छटा असतात.
कोड बहुधा दाराच्या चौकटीवर
किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर असतो.

कोड जुळला, तरी थांबा.
जुन्या गाडीचा रंग आपल्या उन्हानं उतरलेला असतो.
थोडा रंग कागदावर लावा.
वाळू द्या.
मग तो कागद गाडीला लावून उजेडात पाहा.
ओला रंग फसवतो.

आता जागा धुवा, कोरडी करा.
गंज असेल, तर बारीक वॉटर पेपरनं तेवढाच घासा.
उघड्या पत्र्यावर प्रायमरचा ठिपका द्या.
तो वाळला, की रंग.
बाटलीतला ब्रश मला जाडच वाटतो.
काडेपेटीची काडी बरी.
थेंब टेकवा, पसरवू नका.
वाळला, की दुसरा पातळ थर.
शेवटी क्लिअर कोट.

हे सगळं सकाळी, सावलीत करा.
मे महिन्यात दुपारी पत्रा चटके देतो,
रंग नीट बसत नाही.
पावसाळी दमट हवाही नको.

पुन्हा सांगते, गंज धरायच्या आधी.
प्लास्टिकच्या बंपरला मात्र घाई नाही,
तो गंजत नाही.
आणि ओरखडा हातभर असेल,
तर सरळ पेंटरकडे न्या.