खिशातल्या दोन टपालपेट्या

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सकाळच्या पाळीला भोसरीहून मोशीमार्गे चाकणला निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये डोकावलं, तर बहुतेकांच्या माना मोबाइलवर झुकलेल्या दिसतात. त्या मोबाइलमध्ये अनेकदा ई-मेलच्या दोन टपालपेट्या असतात. एक कंपनीनं दिलेली, दुसरी स्वतःची. बोट सरकवलं की एकीतून दुसरीत जाता येतं, म्हणून दोन्ही आपल्याच वाटतात. पण तसं नाही.

पूर्वी हा गोंधळ नव्हता. हॉटमेल १९९६ साली आलं, जीमेल २००४ साली. ही घरची टपालं. आपण ती सायबर कॅफेत जाऊन पाहत असू. कचेरीचं टपाल कचेरीतल्या संगणकावरच राहायचं. पुढे बड्या साहेबांच्या हाती ब्लॅकबेरी आला आणि कचेरीचं टपाल खिशात शिरलं. ब्लॅकबेरीची ती जुनी सेवा ४ जानेवारी २०२२ रोजी बंद झाली. पण तोवर साहेबांची ती सोय कामगारांच्या साध्या फोनवरही येऊन पोहोचली होती.

आता माझीच गोष्ट सांगतो. भोसरीत माझा छोटा गाळा आहे. आम्ही मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवतो. वर्षाचे काही हजार रुपये वाचावेत म्हणून मी कंपनीच्या नावाचा ई-मेल पत्ता घेतलाच नव्हता. आमच्या सुपरवायझरनं स्वतःचा पत्ता ग्राहकाला दिला. ऑर्डरी, ड्रॉइंग, तक्रारी, सगळं त्याच्या फोनवर यायचं. काम छान चाललं होतं. मग त्याला चाकणला चांगली नोकरी मिळाली. आम्ही पेढे वाटून त्याला निरोप दिला.

दोन महिन्यांनी ग्राहकानं एका भागाचं माप बदललं. नवं ड्रॉइंग गेलं त्या जुन्याच पत्त्यावर. त्या मुलानं ते पाहिलंही नाही, आणि त्यानं का पाहावं? आम्ही जुन्या मापानं माल काढला. अख्खा लॉट रिजेक्ट होऊन परत आला. त्या मुलाची काही चूक नव्हती. चूक माझी. धंद्याचं टपाल मी दुसऱ्याच्या घरच्या पेटीत टाकू दिलं होतं.

नोकरदारांसाठी हीच गोष्ट उलट बाजूनं खरी आहे. कंपनीचा पत्ता हा कंपनीचा. त्यावरचं टपाल कंपनी पाहू शकते आणि नोकरी सुटली की तो बंद होतो. म्हणून बँक, भविष्यनिर्वाह निधी, मुलांची शाळा, यांना तो पत्ता देऊ नका. पुढे पासवर्ड बदलण्याची वेळ आली, तर त्याचं पत्र बंद पेटीत जाईल.

दुसरं, स्वतःच्या फोनवर कंपनीचं खातं घेताना पडद्यावर परवानगी मागणारा मजकूर येतो. आपण तो न वाचता 'हो' म्हणतो. काही ठिकाणी त्या एका 'हो'मुळे कंपनीला तुमचा सगळा फोन दुरून पुसता येतो. लेकीच्या बारशाचे फोटोसुद्धा त्यात जातात. अँड्रॉइड फोनमध्ये कामासाठी वेगळा कप्पा करता येतो. त्यातल्या चिन्हांवर छोटी बॅग दिसते. कंपनीनं पुसलं तर तेवढा कप्पाच पुसला जातो. आपल्या कंपनीत अशी सोय आहे का, हे आयटी विभागाला आधीच विचारा.

आणि लघुउद्योजकांना एक सावधगिरीची सूचना. 'आमचं बँक खातं बदललं, पैसे नव्या खात्यात भरा' असं पत्र आलं, तर थांबा. फोनवर बहुधा पाठवणाऱ्याचं फक्त नाव दिसतं. त्यावर बोट ठेवून पूर्ण पत्ता पाहा; एखादं अक्षर बदललेलं सापडेल. पत्ता बरोबर असला, तरी पूर्वीपासून माहीत असलेल्या क्रमांकावर फोन करून खात्री करा. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर कळवा.

त्या परत आलेल्या मालानंतर मी पहिलं काम केलं ते कंपनीच्या नावाचा पत्ता घेण्याचं. आता माणसं येतात, जातात. टपाल मात्र गाळ्यातच राहतं.