आजीला आत बोलवा



वाचा-उपचार क्षेत्रातल्या या परिषदेचं अध्यक्षपद आपण मला दिलंत. घाटावरून, कोकणातून, विदर्भातून आपण नवी मुंबईत आलात. 

दोन दिवसांतल्या निबंधांचा आढावा अध्यक्षांनी घ्यावा, अशी प्रथा आहे. लहान मुलांमधला अॅप्रॅक्सिया, म्हणजे शब्द ठाऊक असूनही तोंडाच्या हालचालींची जुळणी न होणं, आणि सेरेब्रल पाल्सीतला डिसार्थ्रिया, म्हणजे बोलण्याच्या स्नायूंवर नीट ताबा नसणं, या दोन्हींवर इथे चांगलं काम मांडलं गेलं. पण ते ऐकताना चौतीस वर्षांची जुनी खंत पुन्हा वर आली, आणि ती आज बोलले नाही तर पुन्हा कधी बोलणार? मराठी मुलाचं बोलणं आपण इंग्रजी मुलाच्या मापाने मोजतो. मापात बसलं नाही की दोष मुलाच्या माथी मारतो.

आपण बसलो आहोत त्या शहराकडे पाहा. 1970 साली सिडको या शहर वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची स्थापना झाली आणि तेव्हाच्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतल्या 95 गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली. त्यांतली बहुतेक गावं अजून इथेच आहेत, आणि त्यांची आगरी-कोळी बोलीही. या बोलीत 'ळ'चा 'ल' होतो, 'ण'चा 'न' होतो, शब्दाच्या मधल्या 'ड'चा 'र' होतो. डोला, पानी, गारी. नेरूळचा माणूस नेरूल म्हणतो. 1905 साली छापलेल्या ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात किनाऱ्यावरच्या या बोलींची नोंद आहे. म्हणजे शंभर वर्षांहून अधिक काळ ही माहिती पुस्तकात पडून आहे. आपल्या तपासणी-तक्त्यात मात्र ती नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी इथल्याच एका गावठाणातला पाच वर्षांचा मुलगा माझ्याकडे आला. हातात रिपोर्ट होता: 'ळ' येत नाही, 'ण' येत नाही, 'ड' येत नाही, अॅप्रॅक्सियाची दाट शंका. आईचा चेहरा उतरलेला. आजी बाहेरच्या बाकावर बसली होती. मी तिला आत बोलावलं आणि तीच चित्रं तिच्यापुढे ठेवली. "आजी, हे काय आहे?" आजी म्हणाली, "गारी." पुढच्या चित्राला डोला, त्याच्या पुढच्याला पानी. नातवाचा आणि आजीचा तक्ता मी शेजारी शेजारी ठेवला. एका अक्षराचा फरक नव्हता. त्या मुलाला कसलाही आजार नव्हता, त्याला बोली होती. वऱ्हाड-खानदेशात डोळ्याचा 'डोया' होतो. तिकडच्या किती पोरांना आपण असे रिपोर्ट दिले असतील, याचा विचार केला की मला झोप लागत नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण ती चूक माझी स्वतःची आहे. त्या मुलानंतर मला बोलीचा फार भरवसा वाटू लागला. अशाच घरातली एक मुलगी आली, तीही 'पानी' म्हणाली. मी म्हटलं, बोली आहे, घरी न्या. दोन वर्षांनी ती परत आली. एकच शब्द तिला पाच वेळा म्हणायला लावला. पानी, मानी, पाई, पुन्हा पानी, मग नुसतेच हलणारे ओठ. हे पाच वेळा म्हणायला लावणं मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. बोलीतला बदल दर खेपेला तोच राहतो, अॅप्रॅक्सियातली चूक दर खेपेला बदलते. तिची दोन वर्षं माझ्यामुळे गेली.

अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनने 2007 साली अॅप्रॅक्सियाची तीन लक्षणं मांडली. पुन्हा पुन्हा म्हणताना बदलणाऱ्या चुका हे पहिलं. एका ध्वनीवरून दुसऱ्यावर जाताना होणारी ओढाताण हे दुसरं. ही दोन्ही आपल्याला लागू पडतात. तिसरं लक्षण बोलण्याच्या लयीचं आणि शब्दावरच्या आघाताचं. इंग्रजीत 'रेकॉर्ड'च्या पहिल्या भागावर जोर दिला तर नाम, दुसऱ्यावर दिला तर क्रियापद. मराठीत आघात हलवून शब्दाचा असा अर्थ बदलत नाही. मग शब्दावरच्या आघाताचा तो रकाना आपण भरतो तरी कशाच्या आधारावर?

सकाळच्या सत्रात 'प-त-क' भरभर म्हणायला लावून त्याचा वेग कसा मोजावा यावर वाद रंगला. माझं म्हणणं, आधी 'त' कोणता ते ठरवा. इंग्रजी मुलाची जीभ हिरडीवर टेकते. आपल्या मुलाकडे दातांवरचा 'त' आहे आणि जीभ मागे वळवून काढायचा 'ट' आहे. शिवाय 'पताका' हा आपल्याकडे अर्थाचा शब्द आहे. वारकरी घरातल्या एका मुलाने तो आठ वेळा सुरेख म्हणून दाखवला. तीच अक्षरं फिरवून 'कापाता' म्हणायला सांगितल्यावर तिसऱ्या खेपेलाच जीभ अडखळली. पाठ असलेला शब्द जिभेची अडचण झाकून टाकतो.

तोंडाच्या व्यायामांवरूनही दोन तट पडले. माझ्याकडे सहा वर्षांचा एक मुलगा यायचा. जत्रेतली पिपाणी तो झकास वाजवायचा. वर्षभर आईने व्यायाम म्हणून तेवढंच करून घेतलं होतं. पण 'आजी' म्हणताना त्याची जीभ चाचपडत राहायची. माझ्यापुरता तो वाद तिथेच मिटला. बोलणं बोलूनच येतं.

आणि जिभेची परीक्षा घ्यायला मराठीइतकी सोयीची भाषा मला ठाऊक नाही. 'चमचा' म्हणा, मग 'चमचे' म्हणा: एका मात्रेसरशी दुसऱ्या 'च'ची जागा बदलते. 'माझा'नंतर 'माझी' म्हणा, 'झ' सरकतो. म्हैस, न्हावी, कोल्हा: इथे तोंडाची हालचाल आणि घशातला श्वास एकाच क्षणी जुळावा लागतो. इंग्रजी यादीत या जोडणीची परीक्षाच नाही, कारण त्या भाषेला तिची गरज नाही. शब्द वाढवत नेऊन मूल कुठे कोसळतं ते पाहायचं, तर आपल्याकडे प्रत्यय आहेत: घर, घरात, घरातला, घरातल्यांना. तुर्की भाषेतही प्रत्ययामागून प्रत्यय लागून शब्द लांबत जातो आणि प्रत्ययातले स्वर आधीच्या स्वराशी जुळवून घेतात. तुर्की मुलाची तपासणी तुर्कीच्याच घडणीवर उभी राहायला हवी, हे आपल्याला लगेच पटतं. स्वतःच्या भाषेची पाळी आली की मात्र आपण भाषांतरित यादी उघडतो, आणि वर पालकांना सांगतो, घरात फक्त इंग्रजी बोला. त्या सल्ल्याने आजी-नातवाचं बोलणं तुटलेलं मी पाहिलं आहे. तो सल्ला देणं थांबवा.

आपली स्वतःची शब्दयादी व्हावी, जिल्ह्याजिल्ह्यांतल्या निरोगी मुलांचे आवाज नोंदले जावेत, बोलींच्या अभ्यासकांना सोबत घ्यावं. याची सुरुवात याच वर्षी करू, एवढं आज म्हणते. तपशील बसून ठरवू.

पण यादीची वाट पाहू नका. सोमवारी तुमच्याकडे जे पहिलं मूल येईल, त्याला एकच शब्द पाच वेळा म्हणायला लावा. आणि सोबत आलेल्या आजीला बाहेरच्या बाकावर बसवू नका. तिला आत घ्या, चित्रं आधी तिला दाखवा.