कोनाड्यातील पेटी



शुक्रवारी दिवेलागणीच्या सुमारास माझी आई काचेच्या पेल्यांत खोबरेल तेल ओतून वाती सारख्या करी, आणि काडी ओढण्यापूर्वी पदराच्या गाठीतला एक आणा सोडून तो आम्हां मुलांपैकी एकाच्या तळहातावर ठेवी. कोनाड्यात पत्र्याची एक पेटी असे. तिच्या फटीतून नाणे आत पडल्याचा आवाज झाला, की मगच दिवे उजळत. हा क्रम कधी उलटा होत नसे. कारण दिवा लागला की शब्बाथ लागला, आणि शब्बाथात पैशाला हात लावणे निषिद्ध. विश्रांतीच्या दिवसात पाऊल टाकण्यापूर्वीचे अखेरचे लौकिक कृत्य म्हणजे दुसऱ्याचे देणे चुकते करणे, अशी ही जगभरच्या ज्यू घरांतील रीत आहे.

मी 'देणे' हा शब्द बुद्ध्याच योजला. इब्रानी भाषेत या दानाला 'त्सेदाका' म्हणतात. अरबीतून आपल्या कानांवर आलेला 'सदका' हा त्याचाच सहोदर. परंतु इब्रानी धातूचा मूळ अर्थ दया नव्हे, न्याय होय. दया मनाच्या लहरीप्रमाणे कमीअधिक होऊ शकते. न्यायाला तशी मुभा नाही. म्हणूनच प्राचीन शास्त्रकारांनी असा निर्बंध घातला की, गावाच्या फंडाची वसुली निदान दोघांनी करावी, आणि वाटप मात्र तिघांनी. कारण कोणास किती द्यावे हे ठरविणे म्हणजे दिवाणी दाव्याचा निवाडा करण्यासारखेच, आणि निवाड्यास तीन पंच लागतात. ज्याच्या घरी आठवड्याच्या चौदा जेवणांची बेगमी आहे, त्याने या फंडातून काही घेऊ नये, इतका बारकाईचा नियम मिश्ना या प्राचीन धर्मसंहितेत नमूद आहे.

पेटीची परंपराही जुनी आहे. बायबलातील योआश राजाच्या अमदानीत यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी रखडली, तेव्हा यहोयादा याजकाने एका पेटीच्या झाकणाला भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली. राजाचा चिटणीस आणि प्रमुख याजक मिळून तीतले पैसे मोजून थैल्यांत बांधीत, आणि ज्यांच्या हाती ते सोपविले जात त्यांच्याकडे कोणी हिशेब मागत नसे, इतका त्यांच्या इमानावर भरवसा होता. पुढे उभारलेल्या दुसऱ्या मंदिरात रणशिंगाच्या आकाराच्या १३ पेट्या होत्या, वर निमुळत्या आणि खाली रुंद. विसाव्या शतकात घरोघरी दिसू लागलेली ज्यू राष्ट्रीय निधीची निळी पेटी याच वंशातली. तो निधी १९०१ साली बाझेल येथील झायनिस्ट परिषदेत स्थापन झाला.

बाराव्या शतकातील थोर धर्मशास्त्रज्ञ मैमोनिदीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. गरजवंताला कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन स्वतःच्या पायांवर उभे करणे ही सर्वांत वरची. आणि देणाऱ्याने घेणाऱ्यास व घेणाऱ्याने देणाऱ्यास ओळखू नये, ही तिच्या लगतची. पेटी ही दुसरी पायरी प्रत्येकाच्या आवाक्यात आणते. तीत पडलेल्या नाण्यांत माझे कोणते, शेजाऱ्याचे कोणते, हे कोण सांगणार? आणि जो स्वतः दानावर जगतो त्यानेही त्यातून काही दान करावे, अशी तल्मूद या धर्मग्रंथाची आज्ञा आहे. हा नियम मला फार मोलाचा वाटतो. कारण त्यामुळे दारिद्र्यातही माणसाचा देण्याचा हक्क हिरावला जात नाही.

आमच्या पेटीची किल्ली घरी नसे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू लोक, आपल्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत आलो. तेथला खजिनदार येऊन पेटी उघडी. एका पावसाळ्यात वडिलांचे काम सुटले होते. तेव्हा एके दिवशी मशिदीच्या फंडातून आमच्या दारी तांदळाचे पोते उतरले. कोणी पाठविले हे आईने विचारले नाही, आणणाऱ्यानेही सांगितले नाही. पुढच्या शुक्रवारी तिने पदराची गाठ सोडली. आण्याच्या ऐवजी तीत एक पैसाच होता. तो तिने माझ्या हातावर ठेवला, आणि पेटीत आवाज झाल्यावर काडी ओढली.